कामाच्या ओळखी जोडायच्या कशा, टिकवायच्या कशा: पर्चेसच्या खुर्चीतून

माझी बरीचशी नोकरी पर्चेसमध्ये गेली. समोरचा काहीतरी विकायला आलेला असतो आणि त्याचं किती ऐकायचं ते मी ठरवते. या खुर्चीत बसलं की एक गोष्ट आपोआप कळायला लागते: कोणाचा फोन आपण लगेच उचलतो आणि कोणाला "मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" म्हणून कटवतो. लगेच उचलतो त्यांच्यात गोड बोलणारे फार नसतात. कधीतरी स्वतःहून "मॅडम, या कामाला एवढा महाग ग्रेड लागत नाही, खालचा घ्या" असं सांगितलेला माणूस त्यात असतो. माल उशिरा येणार हे आम्ही विचारायच्या आत कळवणारा असतो. आणि कटवतो ते महिनाअखेरीला टार्गेट कमी पडलं की उगवणारे.

नोकरीतल्या ओळखींचंही हेच आहे. वर्षानुवर्षं साधी चौकशी नाही, आणि नोकरी बदलायची वेळ आली की "कसे आहात सर, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही" असा मेसेज. पुढे काय येणार ते समोरच्याला पहिल्याच ओळीत कळतं. कामापुरता मामा कोणालाच नको असतो. म्हणून या लेखाचा बराच भाग गरज नसताना काय करायचं यावर आहे. मागायचं कसं ते नंतर येईल.

आधी स्वतःचं एक वाक्य

आपल्या ओळखी किती, हे लोक मोजत बसतात. त्यापेक्षा आपल्याबद्दल किती जणांना एक धड वाक्य बोलता येईल ते बघा. कामं मिळतात ती आपण नसलेल्या खोलीत. तिथे कोणीतरी विचारतं, "असं काम येणारं कोणी आहे का?" आणि दुसरं कोणीतरी नाव घेतं. त्याला बोलायला वाक्य हवं. "चांगली आहे, मेहनती आहे" हे वाक्य नव्हे. ते सगळ्यांबद्दल म्हणतात. "इम्पोर्टचा माल कस्टम्सला अडकला की तिला विचारा" हे वाक्य.

तुमचं वाक्य काय, हे स्वतःच्या मनाने ठरवू नका. दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना सरळ विचारा: "माझ्याबद्दल कोणी विचारलं तर तू काय सांगशील?" उत्तर ऐकून थोडं खट्टू व्हायला होतं, कारण आपल्याला जे आपलं मोठं काम वाटतं ते बहुतेकांना माहीतच नसतं. अकाउंट्समधली व्यक्ती "मी अकाउंट्समध्ये आहे" एवढंच सांगत आली असेल, तर सप्लायरचे वर्षानुवर्षं अडकलेले हिशेब ती जुळवून देते हे बाहेर कळणार कसं? पुढच्या वेळी कोणी "सध्या काय चाललंय?" विचारलं की हुद्दा सांगू नका, नुकतं हातावेगळं केलेलं एक काम सांगा. दोन वाक्यांत, फुशारकी न मारता.

कोणाची ओळख कामाला येते

बहुतेकांना वाटतं, जवळची माणसं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकती नोकरी बदललेल्या लोकांना हेच विचारलं होतं. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांच्यात आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्या माणसाकडून ती कळल्याचं सांगणारे फक्त 16.7 टक्के निघाले. 55.6 टक्क्यांची त्या माणसाशी अधूनमधून गाठ पडायची, आणि 27.8 टक्क्यांची क्वचितच, म्हणजे वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. 1973 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. कारण तसं साधं आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडून.

याची मोठी पडताळणी 2022 साली 'सायन्स' नियतकालिकात आली. लिंक्डइनने 5 वर्षं, 2 कोटींहून जास्त लोकांना 'यांना तुम्ही ओळखत असाल' मध्ये कोणाची नावं दाखवायची, ते बदलून बदलून पाहिलं होतं. (आपण प्रयोगात आहोत याची त्या लोकांना कल्पना नव्हती, आणि त्यावरून टीकाही झाली.) निष्कर्ष थोडा वेगळा, आणि मला जास्त उपयोगाचा वाटतो: अगदी जवळच्याही नाहीत आणि अगदी अनोळखीही नाहीत, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलायला सगळ्यात जास्त कामी आल्या. म्हणजे काही जण दोघांच्याही ओळखीचे आहेत, पण रोजचं बोलणं नाही, अशी माणसं. शिवाय ज्या धंद्यांत कॉम्प्युटरचं काम जास्त तिथे हे जास्त दिसलं. जिथे तसं नाही तिथे जवळच्या ओळखीच अधिक चालल्या. तेव्हा कारखान्यातल्या माणसाने सॉफ्टवेअरवाल्याचा सल्ला डोळे झाकून उचलू नये.

ही मधली माणसं आपल्याकडे आधीच असतात, फक्त आठवत नाहीत. एक दुपार काढा. फोनमधले कॉन्टॅक्ट अ पासून ज्ञ पर्यंत बघा. जुन्या ईमेलमध्ये प्रोजेक्टची नावं शोधा आणि 'सीसी'त कोण कोण होतं ते पाहा. आधीच्या नोकरीतले, आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागातले, ऑडिटला आलेले, ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेले, आपल्याकडे सामान देणारे आणि आपलं सामान घेणारे. आणि एक गट सगळेच विसरतात: आपल्या हाताखाली शिकून पुढे गेलेली मुलं. पाच-सात वर्षांत तीच दुसरीकडे टीम चालवत असतात.

वही

मी वही ठेवते. तुम्ही एक्सेल ठेवा, फोनमधली नोट ठेवा, काहीही चालेल. डोक्यात ठेवीन म्हणणाऱ्याचं मात्र काही खरं नाही. पर्चेसमध्ये प्रत्येक सप्लायरची फाइल असते, आणि ती नसती तर मी रोज तेच तेच प्रश्न विचारत बसले असते. माणसांची फाइल म्हटल्यावर काहींना ते थंड डोक्याचं वाटतं. मला उलट वाटतं. ज्याच्या आईचं ऑपरेशन होतं त्याला पुढच्या फोनला आधी तेच विचारायचं लक्षात राहावं म्हणून लिहून ठेवणं, यात थंडपणा कसला?

रकाने पाचच: नाव, ओळख कुठून झाली, सध्या कशात अडकलेत किंवा कशात रस आहे, शेवटचं बोलणं कधी आणि कशावर, आणि माझ्याकडे त्यांचं काही बाकी आहे का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "तो कागद पाठवते" असं बोलण्याच्या ओघात म्हणून गेलेलं असतं आणि विसरलेलं असतं. समोरचा विसरत नाही. माझ्या वहीतली एक नोंद नाव काढून देते:

"प्लॅनिंगमधल्या मॅडम, आधीच्या कंपनीतल्या. आता दुसरीकडे गोदाम बघतात. बारकोडचं नवं सॉफ्टवेअर घेताहेत, वेंडर वेळ काढतोय. मार्चमध्ये बोलणं झालं. बाकी: आम्ही करारात दंडाचं कलम कसं घातलं ते सांगायचं आहे (मजकूर द्यायचा नाही, फक्त रचना)."

कंसातली ती ओळ मुद्दाम लिहिलेली आहे. ओळखीपायी कंपनीचा कागद बाहेर जाऊ देऊ नये. अनुभव सांगता येतो, दस्तऐवज देता येत नाही.

सगळ्यांशी सारखं बोलणं कोणालाच जमत नाही, तेव्हा यादीचे तीन भाग करा. दहा-पंधरा माणसं अशी, की ज्यांच्याशी दोन-तीन महिन्यांतून बोलायचंच. चाळीसएक अशी, की वर्षातून एकदा-दोनदा. बाकीचे नावापुरते राहिले तरी हरकत नाही. रॉबिन डन्बर या मानववंशशास्त्रज्ञाने 1992 साली मेंदूच्या आकारावरून माणसाला साधारण 150 नाती पेलतात असा हिशेब मांडला होता. तो आकडा पक्का नाही असं म्हणणारे संशोधकही आहेत. 150 असोत की 300, लिंक्डइनवरचे हजारो त्यात बसत नाहीत एवढं नक्की.

मेसेज कसा लिहायचा

इथे सगळ्यांचं घोडं अडतं, म्हणून जरा सविस्तर. मला येणाऱ्या मेसेजचा नेहमीचा नमुना हा:

"नमस्कार मॅडम, कशा आहात? बऱ्याच दिवसांत बोलणं नाही. तुमच्याशी एकदा बोलायचं होतं. वेळ असेल तेव्हा कळवा."

वरकरणी नम्र आहे, पण सगळं काम माझ्यावर टाकलेलं आहे. कशाबद्दल बोलायचं, किती वेळ, कधी, ते मी शोधून काढायचं. पोटात एक शंका येते आणि मेसेज उद्यावर जातो, मग परवावर. तोच माणूस असं लिहू शकला असता:

"नमस्कार मॅडम. आपण फाउंड्री बदलण्याच्या प्रोजेक्टवर बरोबर होतो, मी क्वालिटीतून होतो. तेव्हा तुम्ही सप्लायरला पहिल्या लॉटनंतर स्वतः जाऊन भेटायचा आग्रह धरला होता. परवा आमच्याकडे तसाच प्रसंग आला, मी तसंच केलं, आणि आठवड्यात प्रश्न सुटला. तुम्हाला सांगावंसं वाटलं. उत्तराची घाई नाही."

यात मागणी नाही. मी कोण, ओळख कुठली, हे पहिल्या ओळीत आहे, म्हणजे मला डोकं खाजवावं लागत नाही. आणि एक खरी गोष्ट आहे, जी माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला पाठवता आली नसती. हीच कसोटी लावा: मेसेजमधलं नाव बदलून तो दुसऱ्याला पाठवता येत असेल, तर तो पाठवू नका. फुलांची चित्रं आणि सुविचार तर याच कसोटीवर पहिल्या फटक्यात बाद होतात.

जुन्या माणसाला इतक्या वर्षांनी कसं लिहायचं, हा संकोच बहुतेकांना असतो. तो सोडा. डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी करत व्यवस्थापन शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं, निदान तीन वर्षं बोलणं नसलेल्या माणसाला गाठा आणि सध्याच्या कामात सल्ला विचारा. मिळालेला सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा नवा निघाला, आणि जुना विश्वासही बराच टिकून होता. माणूस तोच, पण दरम्यान तो वेगळ्या ठिकाणी वेगळं काहीतरी शिकलेला असतो. 2022 साली पेगी लिऊ आणि इतरांनी दाखवलं की सहज आठवण काढून मेसेज केला, तर समोरच्याला होणारा आनंद आपण कमीच धरतो; आणि मेसेज जितका अनपेक्षित, तितका तो जास्त भावतो. तेव्हा "इतक्या दिवसांनी बरं दिसेल का?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा "हो, बरं दिसेल" असंच असतं. दिवस उलटल्याबद्दल चार ओळी माफी मागू नका. "बरीच वर्षं झाली" एवढं पुरतं.

नव्या माणसाशी वीस मिनिटं

ज्या कामात जायचं आहे ते आज करणाऱ्या माणसाशी बोलणं, याला पर्याय नाही. वेळ मागताना वीस मिनिटं मागा आणि दोन सोयीच्या वेळा सुचवा. "मार्गदर्शन हवं आहे" हे फार मोठं ओझं आहे, ते कोणी उचलत नाही. "तुम्ही प्रॉडक्शनमधून प्लॅनिंगमध्ये गेलात, मला तेच करायचं आहे, दोन प्रश्न आहेत" हे कोणालाही उचलता येतं.

प्रश्न असे न्या की ज्यांचं उत्तर इंटरनेटवर नाही. "या क्षेत्रात भविष्य आहे का?" हा प्रश्न विचारूच नका. "तुमचा मागचा आठवडा कशात गेला?" हे विचारून बघा; हुद्द्यामागचं खरं काम त्यातच कळतं. "पहिल्या वर्षात लोक कशाला कंटाळून सोडतात?" हा दुसरा. आणि उठताना: "याबद्दल मी आणखी कोणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?" या शेवटच्या प्रश्नातून पुढचं नाव मिळतं, आणि ते मिळालं की तुम्ही अनोळखी राहत नाही. वीस मिनिटं झाली की घड्याळाकडे तुम्हीच बघा. त्यांनी थांबवून घेतलं तर गोष्ट वेगळी. या भेटीत नोकरी मागू नका. असली जागा तर तेच सांगतील.

त्याच दिवशी दोन ओळींचे आभार माना. ते सगळेच करतात. फार थोडे लोक करतात ते पुढचं: महिन्याभराने कळवणं, की तुम्ही सांगितलेलं मी केलं आणि त्याचं असं झालं. सल्ला देणाऱ्याला बहुधा कधी कळतच नाही की त्याच्या सल्ल्याचं काय झालं. मी ज्यांना अजून मदत करते त्यांच्यातले बरेचसे असं कळवणारे आहेत. सल्ला मानला नाही, तरी कळवा. "तुम्ही नको म्हणाला होतात, पण मी या कारणासाठी ती जागा घेतली" हे ऐकायलाही बरं वाटतं.

प्रदर्शनं, परिषदा

थोडक्यात सांगते, कारण यांचं महत्त्व उगाच वाढवलेलं आहे. उद्घाटनाच्या गर्दीत कोणाशी काही बोलणं होत नाही. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जा. स्टॉलवरची माणसं दमलेली, मोकळी आणि खरं बोलायच्या मनःस्थितीत असतात. पुढे उभ्या असलेल्या सेल्सवाल्यापेक्षा मागे मशीनशी खटपट करणाऱ्या माणसाशी बोला. कार्ड घेतलं की बाहेर पडून लगेच त्याच्या मागे लिहा, काय बोलणं झालं. तीन माणसांशी नीट बोललात तर दिवस सार्थकी लागला. भाषण आवडलं असेल, तर वक्त्याभोवतीच्या घोळक्यात शिरू नका. दोन दिवसांनी त्या भाषणातल्या एका मुद्द्यावर नेमका प्रश्न लिहून पाठवा.

आपल्याच कंपनीत

करिअरच्या ओळखी म्हटलं की लोक बाहेर बघतात, आणि बढती अडकलेली असते ती वरच्या मजल्यावर. रोनाल्ड बर्ट या समाजशास्त्रज्ञाचा 2004 सालचा अभ्यास मला फार आवडतो, कारण तो आमच्याच लोकांवर आहे: एका मोठ्या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या सप्लाय चेनमधले 673 मॅनेजर. त्यांना विचारलं, सप्लाय चेन सुधारायला तुम्ही काय कराल, आणि कोणाशी बोलता? आपल्याच गटात बोलणाऱ्यांपेक्षा, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन गटांशी संबंध ठेवून असणाऱ्यांच्या कल्पना वरिष्ठांना जास्त चांगल्या वाटल्या. पगार आणि बढतीही त्याच बाजूला झुकलेली दिसली.

हे अंगवळणी कसं पाडायचं? ज्या विभागाशी तुमचं सतत वाजतं, तिथल्या एका माणसाला भांडण नसताना भेटा. आमचं अकाउंट्सशी बिलांवरून वाजायचं. तिथल्या एका साहेबांजवळ बसून मी बिल त्यांच्याकडे आल्यापासून पैसे जाईपर्यंत काय काय होतं ते पाहिलं. कळलं की आमच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, युनिट 'किलो' आणि सप्लायरच्या बिलावर 'नग' असलं की सिस्टिम ते अडकवते, आणि मग कोणीतरी हाताने सोडवेपर्यंत ते तसंच पडून राहतं. पीओ काढतानाच आम्ही युनिट तपासायला लागलो. तेव्हापासून तिकडची मंडळी, काही अडलं की ईमेल न टाकता मला फोन करतात. आणि दोन्हीकडची भाषा कळते असं एक वाक्य माझ्या नावापुढे लागलं, ते असं.

मागायची वेळ

गरज पडली की मागा, आणि सरळ मागा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात समोरच्याचाही वेळ जातो. लोक नाही म्हणतील, ही भीती बहुधा वाढवलेली असते. 2008 सालच्या फ्लिन आणि लेक यांच्या प्रयोगांत लोकांनी आधी अंदाज बांधला, अमुक इतके होकार मिळवायला किती अनोळखी माणसांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात जवळपास निम्म्याच लोकांना विचारावं लागलं.

मात्र मागणी नेमकी हवी. "काही असेल तर बघा ना" याच्यावर कोणी काहीच करू शकत नाही. कंपनी कोणती, जागा कोणती, आणि या माणसाने नेमकं काय करायचं: बायोडेटा पोचवायचा, की तिथल्या साहेबांचा स्वभाव सांगायचा, की फक्त ती जागा खरोखर रिकामी आहे का ते विचारायचं? त्यासोबत एक परिच्छेद असा लिहून द्या, की तो त्यांना जसाच्या तसा पुढे ढकलता येईल. उदाहरणार्थ:

"या सात वर्षं मशीनिंगच्या सुट्या भागांची खरेदी पाहतात. गेल्या वर्षी एकाच सप्लायरवर अवलंबून असलेल्या भागांना दुसरा सप्लायर उभा करण्याचं काम त्यांनी केलं. तुमच्या वेंडर डेव्हलपमेंटच्या जागेसाठी बोलायला इच्छुक आहेत. बायोडेटा सोबत आहे."

तृतीयपुरुषी, चार ओळी, मोठेपणा नाही. हा परिच्छेद नसेल तर समोरच्याला तो स्वतः बसून लिहावा लागतो, आणि तिथेच आठवडा जातो. शेवटी त्यांना सुटायला वाट ठेवा: "तुम्हाला अवघड वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा." हे वाक्य नुसतं शिष्टाचारापुरतं नको. त्यांनी खरंच नाही म्हटलं, तर त्यानंतरचा तुमचा पहिला मेसेज नेहमीसारखाच गेला पाहिजे.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण द्या, तीही काहीतरी नवं सांगून: "अर्जाची मुदत 20 तारखेपर्यंत वाढली आहे." त्यावरही शांतता असेल तर यादीतलं पुढचं नाव घ्या. तो माणूस वाईट नाही, त्याचा महिना वाईट असेल.

द्यायला आपल्याकडे काय असतं

नवीन माणसं म्हणतात, मी कोणाला काय देणार? बरंच काही. वरिष्ठांना खालचं खरं चित्र कोणी सांगत नाही, ते तुम्ही सांगू शकता. नवं सॉफ्टवेअर तुम्ही वापरलेलं असतं, त्यांनी नुसतं ऐकलेलं असतं. एखाद्या बैठकीत त्यांचं चांगलं काम नाव घेऊन सांगणं, हेही देणंच. आणि दोन माणसांची गाठ घालून देणं. फक्त त्याआधी दोघांनाही वेगवेगळं विचारा. न विचारता दोघांना एका ईमेलमध्ये कोंबणं म्हणजे मदतीच्या नावाखाली भीड घालणं.

देण्याचा हिशेब मात्र ठेवू नका. "मी तुमचं केलं होतं" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की ओळख संपली.

जिथे थांबायचं

पर्चेसमध्ये हे रोज समोर येतं, म्हणून स्पष्टच लिहिते. ज्याचं कोटेशन टेबलवर आहे त्याच्याकडे नोकरीची चौकशी करू नये, स्वतःसाठीही नाही आणि भाच्यासाठीही नाही. ऑर्डर निघून गेली, हिशेब मिटले, मग बोला. आणि तशी चर्चा सुरू झालीच तर साहेबांना लेखी कळवून त्या सप्लायरच्या फाइलपासून बाजूला व्हा. पर्चेसबाहेरच्यांनाही हे लागू आहे: ज्यांचं काम तुम्ही तपासता, ज्यांचे गुण तुम्ही देता, ज्यांची बिलं तुम्ही पास करता, त्यांच्याशी ओळख ठेवा, पण काही मागू नका. शेवटचे दिवस मोजत असाल तेव्हाही कंपनीची सप्लायरांची यादी आणि दर बरोबर नेऊ नका. माणसांचे नंबर त्या माणसांना विचारून घ्या.

नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी 'ऑल'ला टाकलेला निरोपाचा ईमेल कोणी वाचत नाही. ज्या दहा-बारा जणांकडून खरंच काही शिकलात त्यांना वेगवेगळं लिहा, काय शिकलात ते नाव घालून. त्यात ज्यांच्याशी खटके उडाले असा एखादा असू द्या. कामावरून तावातावाने भांडलेला माणूस तुमचं काम सगळ्यात जवळून पाहिलेला असतो.

आपल्याकडे कोणी शब्द मागितला तर

ओळखी वाढल्या की हा दिवस येतोच. माणूस भला आहे, अडचणीत आहे, पण त्याच्या कामाची आपल्याला खात्री नाही. भिडस्त माणूस इथे बळी पडतो: "बघते" म्हणतो आणि मग फोन टाळत फिरतो, किंवा मन मारून शिफारस करून टाकतो. दुसरं जास्त महागात पडतं, कारण पुढच्या खऱ्या होतकरू मुलीसाठी बोलायला जाल तेव्हा तुमच्या शब्दाला वजन उरलेलं नसतं.

जेवढं माहीत आहे तेवढंच बोला आणि ते त्या माणसालाही आधी सांगा. मी असं म्हणते: "मी तुमच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेलं नाही, त्यामुळे कामाबद्दल मला बोलता येणार नाही. तुमचा बायोडेटा योग्य माणसापर्यंत पोचवते, आणि आपली ओळख कुठली ते खरं सांगते. चालेल?" बहुतेक जण चालेल म्हणतात. ज्यांना चालत नाही, त्यांना मुलाखतीची तयारी करून द्यायला मी अर्धा तास काढते. ती कंपनी कोणते प्रश्न विचारते हे मला सप्लायर म्हणून किंवा ग्राहक म्हणून बऱ्याचदा ठाऊक असतं. आणि ज्याचं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याच्यासाठी ईमेल न टाकता थेट फोन करते.